लाकडासारखी दिसते, प्लॅस्टिकसारखी वागते: डेकसाठी डब्ल्यूपीसी फळी घेण्याआधी

डेक म्हणजे घराला लागून उघड्यावर उभारलेला फळ्यांचा मंच. वर छप्पर नाही, बाजूला भिंती नाहीत. ऊन, पाऊस, दव, चपला, खुर्च्यांचे पाय, सगळं त्या फळ्यांनीच सोसायचं. अशा जागी साधं लाकूड लावलं की काही वर्षांत त्याला चिरा जातात, ते राखाडी पडतं, कुठे कुजतं, कुठे वाळवी लागते. म्हणून बरेच जण लाकूड आणि प्लॅस्टिक एकत्र करून बनवलेल्या फळीकडे वळतात. बाजारात तिला कंपोझिट किंवा डब्ल्यूपीसी (वुड-प्लॅस्टिक कंपोझिट) म्हणतात. कुजत नाही, वाळवी लागत नाही, रंगवावी लागत नाही, असं तिचं वर्णन होतं आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे.

पण या फळीचे डेक बिघडतात ते कुजून क्वचितच. फळ्यांना मध्ये झोळ येतो. उन्हात त्या एकमेकींना ढकलून वर उचलल्या जातात. टोकांशी फटी पडतात, स्क्रूच्या डोक्याभोवती फुगवटे येतात. यातलं जवळजवळ सगळं एकाच गैरसमजातून येतं: फळी लाकडासारखी दिसते म्हणून ती लाकडासारखीच बसवली जाते. वागते मात्र ती प्लॅस्टिकसारखी. म्हणून इथे मी नियमांच्या यादीपेक्षा कारणं सांगण्यावर जास्त वेळ घालवणार आहे. कारण कळलं की नियम पाठ करावा लागत नाही.

फळीच्या पोटात काय असतं

साधारण निम्मं किंवा त्याहून थोडं जास्त लाकूड असतं, तेही भुशाच्या किंवा पिठासारख्या बारीक भुकटीच्या रूपात. उरलेलं मुख्यतः प्लॅस्टिक, बहुतेक वेळा पॉलिथिन, काही वेळा पॉलिप्रॉपिलीन किंवा पीव्हीसी. बरंचसं पॉलिथिन टाकाऊ पिशव्या आणि वेष्टनांच्या फिल्ममधून येतं, लाकूड सुतारकामाच्या कारखान्यांतल्या भुशातून येतं. त्यात रंग, उन्हापासून बचाव करणारी द्रव्यं आणि बुरशीला अटकाव करणारं झिंक बोरेट अशा गोष्टी थोड्या प्रमाणात मिसळतात.

हीच प्लॅस्टिकं का, याचं कारण लाकडात आहे. साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे लाकूड करपायला लागतं. त्यामुळे त्याच्याआधी वितळणारं प्लॅस्टिकच चालतं. पॉलिथिन १३० अंशांच्या आसपास वितळतं, पॉलिप्रॉपिलीन १६५च्या आसपास. पाण्याच्या बाटल्यांचं प्लॅस्टिक २५० अंशांच्या पुढे वितळतं, तोवर भुशाचा कोळसा व्हायला लागलेला असेल. म्हणून बाटल्यांच्या फळ्या अशा पद्धतीने होत नाहीत.

दुसरी अडचण अशी की लाकडाला पाणी आवडतं आणि पॉलिथिनला ते नकोसं असतं. दोघांना नुसतं एकत्र मळलं तर ते शेजारी शेजारी राहतात, एकमेकांना धरत नाहीत. म्हणून मधे एक दुवा लागतो. पॉलिथिनच्याच साखळीला मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड नावाचा रेणू जोडलेला असतो. त्याचं एक अंग लाकडाच्या तंतूला धरतं, दुसरं प्लॅस्टिकमध्ये गुंततं. हा दुवा मिश्रणात थोडासाच असतो, पण फळी किती मजबूत होईल आणि पाणी किती पिईल हे त्याच्यावर बरंच अवलंबून असतं. फळी हातात घेऊन तो आत आहे की नाही हे कळत नाही. म्हणूनच पुढे मानकांबद्दल बोलणार आहे.

भुसा आधी चांगला वाळवतात, नाहीतर गरम मिश्रणात त्यातल्या पाण्याची वाफ होऊन फळीत पोकळ्या राहतात. मग स्क्रूसारख्या फिरणाऱ्या दांड्यांच्या यंत्रात सगळं वितळून एकजीव होतं आणि साच्याच्या तोंडातून, ट्यूबमधून पेस्ट यावी तसं, सलग पट्टी होऊन बाहेर येतं. पुढे थंड पाण्याने ते आवळतं, वरून रुळाने लाकडाच्या रेघांची नक्षी उमटवतात, आणि फळी तयार होते. त्या रेघा नुसत्या वरवरच्या असतात. झाडात फळीच्या लांबीने धावणारे लांब तंतू असतात आणि लाकडाचा ताठपणा त्यांच्यातून येतो. इथे ते तंतू कधीच पीठ होऊन गेलेले आहेत.

ही कल्पना नवी नाही. लिओ बेकलँड यांनी १९०७ च्या सुमारास बॅकेलाइट बनवलं तेव्हा त्यातही लाकडाची भुकटी भर म्हणून घालत. डेकच्या फळ्या म्हणून हा पदार्थ १९९० च्या दशकात अमेरिकेत पुढे आला. तिथे डेकसाठी तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक मुरवलेलं लाकूड सर्रास वापरत. २००३ च्या अखेरीस त्याचा घरगुती वापर जवळजवळ बंद झाला आणि कंपोझिटची मागणी वाढली. पहिल्या पिढीतल्या फळ्या उघड्या होत्या, म्हणजे वरपासून खालपर्यंत एकच मिश्रण. त्यांच्यावर बुरशीचे काळे ठिपके पडत, रंग उडे, डाग मुरत. मग वर निव्वळ प्लॅस्टिकचं पातळ कवच चढवलेल्या फळ्या आल्या. आज चांगल्या समजल्या जाणाऱ्या बहुतेक फळ्या कवचाच्या असतात.

एक इशारा. डब्ल्यूपीसी याच नावाने दाराच्या चौकटी आणि कपाटांसाठी हलके, फेसाळ गाभ्याचे बोर्ड मिळतात. ते बहुतेक पीव्हीसी फोमचे असतात. घराच्या आत ते छान काम देतात, पण माणसांचं वजन पेलणारी, उन्हात पडून राहणारी डेकची फळी ती नव्हे. नाव एक असलं तरी दुकानात "डेकची फळी" असंच मागावं आणि तिच्यासोबतचा तपशील वाचावा.

लाकूड रुंदीत फुगतं, ही फळी लांबीत वाढते

सगळ्या लेखातला हा भाग सर्वात महत्त्वाचा आहे, कारण इथे अनुभवी सुतारसुद्धा चुकतो. किंबहुना अनुभवामुळेच चुकतो.

सुताराला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे की लाकूड हवेतल्या ओलाव्याने हलतं आणि ते हलतं आडवं. पावसाळी हवेत फळी रुंदीला फुगते, कोरड्या हवेत आक्रसते. लांबीत मात्र जवळजवळ काहीच फरक पडत नाही. उन्हाने लाकूड लांबीला वाढतं, पण १० अंश तापमानवाढीला दर मीटरमागे ०.०५ मिलिमीटरपर्यंतच. म्हणून लाकडाच्या फळ्यांची टोकं एकमेकींना घट्ट भिडवली तरी चालतं, किंबहुना तीच सफाई मानली जाते.

कंपोझिटचं उलट आहे. कवचाच्या आत ओलावा फारसा जात नाही, त्यामुळे रुंदीचा प्रश्न मागे पडतो. पण प्लॅस्टिक उष्णतेने वाढतं आणि ही फळी १० अंशांना दर मीटरमागे साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटर वाढते. लाकडाच्या सुमारे दहापट. आकडा मिलिमीटरच्या अंशात आहे म्हणून तो क्षुल्लक वाटतो. प्रत्यक्ष डेकवर नेऊन बघू. ५ मीटरची फळी घ्या. पहाटे ती १५ अंशांना आहे, दुपारी उन्हात तिचं स्वतःचं तापमान ५५ अंशांवर गेलं. फरक ४० अंशांचा. ०.४ मिलिमीटरचा मधला दर धरला तर ५ गुणिले ४ गुणिले ०.४, म्हणजे ८ मिलिमीटर. इतकी ती एका दिवसात वाढते आणि रात्री परत आक्रसते. उद्या पुन्हा. वर्षानुवर्षं.

टोकाला जागा ठेवली नसेल तर ते ८ मिलिमीटर जाणार कुठे? फळी भिंतीला किंवा पुढच्या फळीला रेटते, मग वर उचलली जाते, नाहीतर बाजूला वाकते आणि जाताना स्क्रूलाही ओढते. म्हणून टोकांशी फट ठेवायची, आणि ती किती हे त्या दिवशीच्या तापमानावरून ठरवायचं. थंड सकाळी बसवत असाल तर फट मोठी, कारण फळीची सगळी वाढ अजून बाकी आहे. रणरणत्या दुपारी बसवत असाल तर फट बारीक, कारण ती आधीच वाढलेली आहे.

वरचीच फळी २५ अंशांना बसवली आणि ती फार तर ५५ पर्यंत जाईल असं धरलं, तर ३० अंशांची वाढ उरते: ६ मिलिमीटर. फळी मधोमध पक्की केली आणि दोन्ही बाजूंना सरकायला मोकळी ठेवली, तर प्रत्येक टोकाला ३ मिलिमीटर येतात. अशा दोन फळ्या समोरासमोर येतात तिथे फट ६ मिलिमीटर हवी. आणि फळी एका टोकाला घट्ट असेल, तर संपूर्ण ६ मिलिमीटर दुसऱ्या टोकाला. हा हिशेब दाखवला तो फक्त तर्क समजावा म्हणून. प्रत्यक्षात प्रत्येक कंपनी आपल्या फळीसाठी तापमान आणि फटीचा तक्ता देते आणि शेवटचा शब्द त्या तक्त्याचा. पण तक्ता का आहे हे कळलेला माणूस तो पाळतो, न कळलेला "एवढी फट वाईट दिसेल" म्हणून ती बुजवतो.

यातूनच एक सूक्ष्म गोष्ट निघते. तापमान हवेचं बघायचं नाही, फळीचं बघायचं. झाडाच्या सावलीतली फळी आणि उन्हात पडलेली फळी एकाच मापाला कापल्या तर संध्याकाळी त्यांची लांबी वेगळी निघते, आणि डेकची कड करवतीच्या दातांसारखी दिसते. कापण्याआधी सगळ्या फळ्या एकाच जागी, एकाच सावलीत काही वेळ ठेवणं हा साधा उपाय आहे. कडेच्या बाजूला फळ्या थोड्या लांब सोडून शेवटी दोरी मारून एका सरळ रेषेत कापल्या तर आणखी सोपं.

दोन फळ्यांच्या मधली लांबीने धावणारी फट ३ ते ६ मिलिमीटर असते. ती मुख्यतः पाणी आणि कचरा खाली जाण्यासाठी. ती पानांनी, मातीने भरू देऊ नये.

लांब डेकवर टोकाला टोक असे सांधे टाळायचे असतील तर एक देखणी युक्ती आहे: मध्ये एक फळी आडवी घालायची आणि दोन्ही बाजूंच्या फळ्या तिच्याशी आणून थांबवायच्या. सगळ्या फटी एका सरळ रेषेत येतात आणि त्या मुद्दाम ठेवल्यासारख्या शोभतात. खाली आधार मात्र दुप्पट लागतात, कारण आडव्या फळीलाही आणि तिला येऊन मिळणाऱ्या प्रत्येक टोकालाही स्वतःचा आधार हवा.

वजन आणि बाक

आता दुसरा स्वभाव. चांगल्या लाकडाच्या तुलनेत कंपोझिट साधारण तिपटी-चौपटीने कमी ताठ असतं. ऊन लागलं की आणखी मऊ होतं. आणि वजनाला ते हलकंही नाही: २५ मिलिमीटर जाड आणि १४० मिलिमीटर रुंद अशी भरीव फळी मीटरमागे सुमारे ४ किलो भरते, पाइन लाकडाच्या दुप्पट. ५ मीटरची फळी दोघांनी उचलायची, आणि उचलताना उभी कड वर ठेवायची. आडवी धरली तर मधे झोळते.

म्हणून तिच्या खालचे आधार जवळ जवळ लागतात. डेकच्या फळ्या ज्या समांतर कड्यांवर टेकतात त्यांना कारागीर जॉइस्ट म्हणतात. सरळ बसवलेल्या कंपोझिट फळीसाठी जॉइस्टमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत साधारण ४०० मिलिमीटर धरतात. खर्च वाचवायला कोणी ते ६०० करतं. दीडपटच तर वाढवलं, असं वाटतं. पण मधोमध पाय पडल्यावर येणारा बाक अंतराच्या घनाने वाढतो: दीडचा घन जवळजवळ ३.४. पाय ठेवला की ३ मिलिमीटर दबणारी फळी आता १० मिलिमीटर दबणार. ती मोडणार नाही, पण चालताना डेक लवलवतो आणि त्यावर उभं राहणाऱ्याचा विश्वास उडतो.

फळ्या ४५ अंशांत तिरप्या बसवायच्या असतील तर जॉइस्ट ३०० मिलिमीटरवर घ्यायला सांगतात. यामागे साधी भूमिती आहे. तिरपी फळी एका जॉइस्टवरून दुसऱ्यावर जाताना सरळ अंतर कापत नाही, कर्णाने जाते, म्हणजे १.४१ पट. ३०० चा कर्ण ४२४ होतो, जवळपास तोच ४०० चा मुक्काम. ४०० वर ठेवले असते तर फळीला ५६६ मिलिमीटर अधांतरी काढावे लागले असते. जिन्याच्या पायऱ्यांना ३०० किंवा त्याहूनही कमी घेतात, कारण पायरीवर पाय जोराने पडतो.

प्लॅस्टिकची आणखी एक सवय आहे, ती लाकडातही असते पण इतकी नाही. सततच्या वजनाखाली ते हळूहळू वाकत जातं आणि वजन काढलं तरी पूर्ण परत येत नाही. मातीने भरलेली मोठी कुंडी दोन जॉइस्टच्या मधे वर्षभर ठेवली तर तिथे खळगा राहू शकतो. कुंड्या आणि जड बाकं जॉइस्टच्या वर येतील अशी ठेवा. याच कारणाने फळ्यांची चळतही सपाट आणि जवळजवळच्या टेकूंवर रचून ठेवायची. दोन टोकांवर टेकवून महिनाभर सोडलेली फळी कायमची वाकडी होऊन येते.

आणि याच कारणाने साध्या कंपोझिट फळीचा जॉइस्ट, तुळई किंवा खांब म्हणून वापर करू नये. सांगाडा वेगळ्याच वस्तूचा: औषध मुरवलेलं लाकूड, जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड किंवा अ‍ॅल्युमिनियम.

खर्चाचा खरा भाग खाली दडलेला आहे

फळ्यांवर २५ वर्षांची हमी मिळते, काहींवर त्याहून जास्त. पण ती हमी फळीची असते, तिच्याखालच्या सांगाड्याची नसते. स्वस्त लाकडाचा सांगाडा दहा-बारा वर्षांत कुजला तर वरच्या शाबूत फळ्या उचकटून सगळं नव्याने करावं लागतं. माझं मत स्पष्ट आहे: पैसे मोजके असतील तर फळीची प्रत एक पायरी उतरवा, सांगाड्याची नको.

लाकडी जॉइस्ट वरच्या कडेने कुजतो, कारण स्क्रूच्या भोकातून पाणी आत उतरतं आणि फळीखाली ते सुकत नाही. त्या कडेवर ब्युटिल रबराची चिकटपट्टी लावली तर ती स्क्रूभोवती घट्ट बसते आणि पाणी अडवते. काम किरकोळ आहे, फायदा मोठा. जॉइस्टच्या वरच्या कडा एका पातळीत हव्यात. लाकडाची ताठ फळी थोडा उंच-सखलपणा झाकते, ही मऊ फळी खालचा प्रत्येक चढउतार वर दाखवते. एक लांब सरळ पट्टी फिरवून आधीच तपासा, कारण फळ्या बसल्यावर दुरुस्ती होत नाही.

डेक घराला जोडलेला असेल तर भिंतीला लावलेली आडवी पट्टी हा सगळ्यात धोक्याचा सांधा. डेक कोसळण्याच्या घटनांत हा सांधा सुटणं हे नेहमीचं कारण आहे. ती पट्टी खिळ्यांवर कधीच लटकवू नये, आरपार बोल्ट किंवा त्याच ताकदीचे जाड स्क्रू हवेत. तिच्या वरून पत्र्याची पन्हळ अशी बसवायची की भिंतीवरून येणारं पाणी पट्टीच्या मागे न शिरता पुढे पडेल. भाराची कल्पना यावी म्हणून: अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नियमांत डेकवर चौरस फुटाला ४० पौंड, म्हणजे चौरस मीटरला सुमारे १९५ किलो वापराचा भार धरतात. १० चौरस मीटरच्या लहानशा डेकवरही तो जवळजवळ २ टनांवर जातो. फळ्यांचं स्वतःचं वजन त्यापुढे २७०-२८० किलो. उंचावरच्या डेकचा सांगाडा जाणत्या अभियंत्याकडून तपासून घेणं म्हणूनच गरजेचं आहे, आणि कठड्याबाबत तर अजिबात तडजोड नको.

डेकच्या पोटातून वारा वाहायला हवा. खालची जागा चारी बाजूंनी बंद केली तर ओल तिथेच कोंडते, फळीची खालची बाजू ओली आणि वरची तापलेली राहते, आणि फळी कडांनी वर वळते. सिमेंटच्या गच्चीवर फळ्या थेट अंथरणं याच कारणाने चूक आहे. खाली पट्ट्या हव्यात, आणि त्या पाण्याच्या उताराला आडव्या येऊ नयेत.

स्क्रू की क्लिप

साधा लाकडाचा स्क्रू या फळीत घातला की प्लॅस्टिक त्याच्या डोक्याभोवती छत्रीसारखं वर फुगतं. कंपोझिटसाठीच्या खास स्क्रूला डोक्याखाली उलटे आटे असतात, ते हा फुगवटा आत ओढून घेतात. टोकाजवळ आधी गिरमिटाने भोक पाडून घ्या, नाहीतर फळी चिरते. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्या, आणि समुद्राजवळ ३१६ या प्रतीचे.

कडेला खाच असलेल्या फळ्यांसाठी क्लिप मिळतात. क्लिप खाचेत बसते, तिचा स्क्रू जॉइस्टमध्ये जातो, वरून काहीच दिसत नाही. दिसण्यापेक्षा मला तिचा दुसरा गुण मोलाचा वाटतो: ती फळीला दाबून ठेवते पण लांबीत सरकू देते. तरीही प्रत्येक फळी एका ठिकाणी, शक्यतो मधोमध, पक्की करावीच लागते. नाहीतर रोजच्या वाढण्या-आक्रसण्यात ती गोगलगायीच्या चालीने एका बाजूला निघून जाते.

कापायला कार्बाइडच्या टोकांचं पातं वापरा. खाली ताडपत्री अंथरा आणि भुसा गोळा करा. दिसायला तो लाकडाचाच भुसा, पण त्यात निम्मं प्लॅस्टिक आहे आणि मातीत गेलं की ते मातीतच राहतं. तुकडे जाळू नका. विशेषतः पीव्हीसीच्या फळ्यांतून जळताना हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो.

ऊन, आग आणि काच

ऊन खाल्लेला गडद कंपोझिट डेक अनवाणी पायाला सोसवत नाही. तो लाकडापेक्षा घट्ट असल्याने जास्त उष्णता धरून ठेवतो आणि पायाला देतोही लवकर. मुलं आणि पाळीव प्राणी अनवाणीच फिरतात, म्हणून उन्हाच्या जागी फिका रंग घ्या. नमुन्याचे दोन-तीन तुकडे आणून भर दुपारी तासभर उन्हात ठेवा आणि त्यावर तळहात टेकवून बघा. छापील माहितीपत्रकापेक्षा हा तासभर जास्त शिकवतो.

उष्णता रोखणारा थर दिलेल्या दुहेरी काचेच्या खिडक्या कधी कधी किंचित आत वळलेल्या असतात आणि अंतर्गोल आरशासारखं काम करतात. त्यांच्यावरून परावर्तित झालेलं ऊन एका पट्ट्यात एकवटलं तर तिथली फळी विरघळल्यासारखी वाकते. डेकवर चकाकीचा एक हलता पट्टा दिसत असेल तर खिडकीच्या बाहेरून जाळी लावली की तो मोडतो.

फळी जळते, हेही लक्षात असू द्या. भट्टी किंवा शेगडी थेट तिच्यावर ठेवू नये. पेटता निखारा पडला तर डाग कायमचा राहतो.

कोरड्या हवेत डेकवर चालून लोखंडी कठड्याला हात लावला की कधी बारीकसा विजेचा झटका बसतो. प्लॅस्टिकवर साठणारी ती स्थिर वीज असते, घाबरायचं कारण नाही.

देखभाल कमी, पण शून्य नाही

बुरशीला फळीच खावी लागत नाही. वर साचलेली धूळ, परागकण, कुजकी पानं तिला पुरतात. म्हणून वर्षातून एक-दोनदा सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश. सावलीत आणि सतत ओल्या राहणाऱ्या भागात जास्त वेळा, कारण तिथे शेवाळ धरतं आणि गुळगुळीत कवचावरून पाय सटकतो. जोराच्या फवाऱ्याचं यंत्र जवळून मारलं तर पृष्ठभाग ओरबाडला जातो. गंजाचे डाग ऑक्झॅलिक आम्ल असलेल्या क्लीनरने निघतात. रबरी बुडाच्या चटया अंथरू नयेत, त्यांच्यातली द्रव्यं फळीत उतरून कायमचा ठसा ठेवतात. अंगावर फवारायची डास पळवणारी आणि ऊन अडवणारी मलमंही असेच डाग पाडतात. आणि पॉलिशपेपर मारू नका. लाकडाला तो नवं रूप देतो, इथे तो कवचच काढून टाकतो.

उघड्या फळ्यांच्या रंगाबाबत नव्याचे नऊ दिवस हे खरंच लागू पडतं. पहिल्या काही महिन्यांत त्या फिक्या होतात, मग त्या फिक्या रंगावर स्थिरावतात. सुरुवातीला लाकडातली टॅनिनं पाण्यासोबत बाहेर येऊन तपकिरी ओघळ दिसतात, ते पावसाने धुऊन जातात. कवचाच्या फळ्यांत हे दोन्ही फार कमी. मात्र कवच चारही बाजूंनी आहे की फक्त वर आणि कडांना, हे विचारून घ्या. खालून उघडी असलेली फळी ओल्या, बंदिस्त जागी तळातून पाणी शोषते. पोकळ फळ्या हलक्या आणि स्वस्त असतात, पण त्यांच्या नळ्यांत पाणी शिरू नये म्हणून टोकांना झाकणं लावावीच लागतात. पाण्याशी सतत संबंध येणाऱ्या जागी मी भरीवच घेईन.

खरेदी करताना अमेरिकेतलं एएसटीएम डी ७०३२ किंवा युरोपातलं ईएन १५५३४ या मानकांनुसार चाचणी झाली आहे का, हे विचारा. या मानकांखाली फळीचा ताठपणा, ऊन-पाण्यातला टिकाऊपणा अशा गुणांची परीक्षा होते. दुवा आत आहे की नाही हे आपल्याला दिसत नाही असं वर म्हटलं, पण फळी प्रत्यक्षात किती मजबूत आहे हे अशा चाचणीतून कळतं. हमीपत्रात जॉइस्टचं अंतर, फट आणि वायुवीजन यांच्या अटी असतात. त्या मोडल्या की हमी जाते, म्हणून बसवणाऱ्याच्या हातात ते पान कामाच्या आधी द्या, आणि प्रत्येक टप्प्याचे, विशेषतः सांगाड्याचे, फोटो काढून ठेवा.

पर्यावरणाचा मुद्दा दोन्ही बाजूंनी सांगायला हवा. टाकाऊ पिशव्या आणि भुसा कामी येतो, झाड वाचतं, हे चांगलंच आहे. पण लाकूड आणि प्लॅस्टिक एकदा असं एकजीव झालं की पुन्हा वेगळं करणं फार अवघड असतं, आणि आयुष्य संपलेल्या फळ्या बहुतेक कचऱ्यातच जातात. म्हणून डेक जितकी जास्त वर्षं टिकेल तितका हा व्यवहार पर्यावरणाच्या बाजूने झुकतो.

तेव्हा फळ्या मोजून घेताना कापण्यातल्या नासाडीशिवाय आणखी दोन-तीन जास्त घ्या, त्याच खेपेतल्या, कारण एका खेपेचा रंग दुसऱ्या खेपेशी तंतोतंत जुळत नाही. त्या माळ्यावर गुंडाळून ठेवू नका. डेकशेजारीच, सपाट टेकूंवर, उन्हापावसात पडू द्या. पाच वर्षांनी एखादी फळी बदलावी लागली तर बाकीच्यांइतकाच फिका पडलेला तुकडा हाताशी असेल.